मॅडमची गाठ

माझ्या नाकावर राग असतो, असं आमच्या घरात बोललं जातं. खरं आहे. पण हाताला काम असलं की मी कुणाच्या अध्यातमध्यात नसते. काम अडलं की मग समोर येईल त्याचं काही खरं नाही. आणि गेल्या दिवाळीपासून माझं काम अडलं होतं.

मी फिटर आहे. बाईमाणूस फिटर म्हटलं की लोक अजून दोनदा विचारतात, म्हणून आधीच सांगून टाकते. आयुष्यभर आयटीआयमध्ये फिटर ट्रेड शिकवला. निवृत्त झाल्यावर नाशिकच्या सिडकोतल्या आमच्या घराच्या पार्किंगमध्ये, जिथं इतरांच्या गाड्या असतात तिथं, मी टेबल ठोकलं, लोखंड आवळून धरायचा व्हाइस बसवला, ड्रिल मशीन आणलं. कुंड्यांचे स्टँड, शेजाऱ्यांच्या गेटच्या कड्या, गच्चीवरची शिडी, असलं काहीबाही करत असते. त्यात नवऱ्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि मी ठरवलं, जिन्याला दोन्ही बाजूंनी धरायला लोखंडी कठडा करायचा. नळ्या आणल्या, मापं काढली, पहिली नळी व्हाइसमध्ये धरली, लोखंड कापायचा हॅकसॉ चालवायला घेतला, आणि उजव्या खांद्यातून अशी कळ गेली की हॅकसॉ हातातून पडला.

डॉक्टर म्हणाले, खांदा आखडलाय. पुढंमागं घासायचं काम आता बंद. मी विचारलं, किती दिवस? ते म्हणाले, या वयात बंद म्हणजे बंद. असं बोलतात का माणसाशी?

गल्लीच्या टोकाला एक फॅब्रिकेशनवाला आहे. त्याच्याकडून नळ्या कापून आणल्या. चारशे साठ मिलिमीटर सांगितलं होतं. त्यानं बोटांच्या वितीनं मोजून दीड फूट कापलं. टोकं तिरकी, कडेला करवतीसारखी धार, रंग जळून काळा. वर मलाच म्हणतो, "वेल्डिंगमध्ये भरून जाईल, ताई." त्या नळ्या मी तशाच कोपऱ्यात उभ्या केल्या. रोज सकाळी त्या दिसायच्या आणि रोज सकाळी माझं डोकं फिरायचं. नवरा काठी टेकत एकेक पायरी उतरायचा आणि वरून म्हणायचा, "अगं, तुझा कठडा होईपर्यंत माझा गुडघा बरा होईल." चेष्टा होती, पण मला ती झोंबायची. आपल्या हातानं एक नळी सरळ कापता येत नसेल तर मी नुसती मॅडम उरले, फिटर कुठली?

"ग्राइंडर घे" असं सांगणारे ढीगभर भेटले. हातात धरून फिरत्या चाकानं लोखंड कापायचं ते यंत्र, त्याबद्दल माझ्याजवळ बोलूच नये. आपल्याकडे ग्राइंडर विकत घेतला की पहिलं काम काय, तर त्याच्या चाकावरचं गार्ड काढून फेकायचं. मग पायात स्लिपर, डोळ्यांवर काही नाही, तोंडात मावा, आणि ठिणग्या उडवत साहेब कापताहेत. मोठा कट-ऑफ सॉ घ्यावा तर त्याच्या आवाजानं अख्खी गल्ली भांडायला येईल. कारखान्यातला बँडसॉ पार्किंगमध्ये मावत नाही. मग महिनाभर व्हिडिओ पाहून, कागदपत्रं वाचून मी ठरवलं, हातात धरायचा पोर्टेबल बँडसॉ घ्यायचा. दोन चाकांवर फिरणारं एक सलग पातं, बस. ठिणग्या नाहीत, ढकलाढकली नाही. यंत्र आपल्या वजनानं हळूहळू खाली उतरतं, आपण फक्त धरायचं. खांद्याला काही त्रास नाही.

शिकवायची सवय जात नाही, म्हणून मी वहीत लिहून काढलं. वेग कमी-जास्त करता यावा. पाच इंचांची नळी मावेल एवढं तोंड हवं. बारीक दात्यांचं पातं नाशकात मिळायला हवं, कारण पातळ नळीला मोठे दाते लावले की दाते मोडतात. आणि शेवटचं, मुठीवरचा बोटानं दाबायचा ट्रिगर सोडला की यंत्र तत्क्षणी थांबलं पाहिजे. हे शेवटचं मी लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या.

पहिल्या दुकानात नवऱ्याला बरोबर नेलं ही चूक झाली. तिथला विक्रेता सगळं त्यालाच सांगायला लागला. मी प्रश्न विचारायचा, उत्तर याच्याकडं बघून. शेवटी नवराच म्हणाला, "मला नका सांगू हो, मला पक्कड आणि सांडशी यातला फरक कळत नाही." मी विचारलं, या पात्याला इंचाला किती दाते आहेत? तो म्हणाला, "मॅडम, सगळ्याला चालतं." सगळ्याला चालतं! मी त्याला तिथंच दहा मिनिटं दात्यांचा पाठ दिला, नवऱ्यानं माझा दंड धरून मला बाहेर काढलं.

तेव्हा मला माझ्या त्या विद्यार्थ्याची आठवण झाली. डोंगरातल्या हरसूलकडून यायचा. पहाटेची जीप पकडून, जीप चुकली तर दुधाच्या गाडीतून, पण वर्गात वेळेवर. हात सोन्यासारखा. त्यानं फाइलनं, म्हणजे कानशीनं, घासलेल्या पट्टीवर काटकोन्या ठेवला की मधून उजेड दिसायचा नाही. आता अंबडच्या रस्त्यावर त्याचं हत्यारांचं दुकान होतं, मागं शेड, हाताखाली सात-आठ माणसं. दर गुरुपौर्णिमेला माझ्याकडं नारळ आणि पेढे यायचे, पण कुणाच्या तरी हाती. स्वतः कधी यायचा नाही. मला त्याचाही राग होता. गुरू म्हणायचं आणि स्वतः यायला पाय मोडलेत का?

मी एकटीच गेले. दुकानात शिरल्याबरोबर तो गल्ल्यावरून उठला, धावत आला, वाकला आणि एकाच हातानं माझे पाय शिवले. डावा हात पँटच्या खिशात. मला ते दिसलंच.

"वर्कशॉपमध्ये खिशात हात घालून उभं राहायचं नाही, हे पहिल्या दिवशी शिकवलं होतं ना?" मी म्हटलं.

तो नुसता हसला. हात काही निघाला नाही. "बसा मॅडम. चहा सांगतो. लय दिवसांनी पाय लागले तुमचे." दुकानातल्या सगळ्यांना हाका मारून त्यानं माझ्या पाया पडायला लावलं. मला खुर्ची, खुर्चीवर उशी, समोर टेबलफॅन. चहाचा कपसुद्धा एकाच हातानं दिला. मी वही उघडली आणि काय हवंय ते सांगितलं. तो ऐकून घेत होता आणि मान हलवत होता, पण नकारार्थी.

"तुमी कशाला तरास घेता, मॅडम? माप पाठवा. मी कापून, घासून, घरपोच देतो. कठडा बसवूनसुद्धा देतो."

"मला कापून नकोय. मला मशीन हवंय."

"तुमाला मशीन इकलं तर लोक काय म्हनतील? आपल्या मॅडमला म्हातारपनी राबायला लावलं. नाय जमनार."

त्या पहिल्या दुकानदारानं मला बाई म्हणून बाजूला सारलं होतं. यानं देव्हाऱ्यात बसवून बाजूला सारलं. दोन्हीकडं मशीन काही माझ्या हातात येत नव्हतं. माझा आवाज चढला. "मी काय कॅलेंडरवरची देवी आहे का रे? उठ, आणि बँडसॉ कुठं आहे ते दाखव. नाहीतर मी चालले दुसरीकडं."

मग तो नाइलाजानं मला मागच्या शेडमध्ये घेऊन गेला. तिथं एका लोखंडी टेबलावर पोर्टेबल बँडसॉ उभा बसवला होता, पातं वर, आणि एक माणूस त्यावर दोन्ही हातांनी पट्टी सरकवत होता. कापणं सुरेख चाललं होतं. आवाज कमी, काप सरळ. क्षणभर मला बरं वाटलं. मग माझी नजर खाली मुठीकडं गेली. ट्रिगर दाबलेला होता आणि दाबलेलाच राहावा म्हणून मुठीभोवती बाइंडिंगची तार गुंडाळली होती. म्हणजे त्या माणसाचा हात घसरला असता, त्याला भोवळ आली असती, काहीही झालं असतं तरी पातं फिरतच राहिलं असतं. शेजारी दोन ग्राइंडर पडले होते. त्यांच्याही मुठीला तार.

तळपायाची आग मस्तकात गेली. "बंद करा ते!" मी ओरडले. त्या माणसानं घाबरून प्लग ओढला. "कुठल्या गाढवानं बांधलंय हे? कुणी शिकवलं तुम्हाला?"

माझा विद्यार्थी माझ्याकडं बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, उलट आपलं काम दाखवताना असतो तसला आनंद होता.

"तुमीच की मॅडम," तो म्हणाला. "मॅडमची गाठ म्हनतो आमी तिला."

मी वाकून बघितलं. दोन वेढे, आणि पीळ मुठीच्या खालच्या बाजूला आत वळवलेला, म्हणजे तारेचं टोक तळहाताला टोचत नाही. तशी गाठ मी दुसरीकडं कुठं पाहिलेली नाही. ती माझीच होती.

मला ते वर्ष आठवलं. वर्गात एकच ग्राइंडर होता, त्याचा स्विच धरेनासा झाला होता, सतत दाबून ठेवावा लागायचा. दुरुस्तीचा अर्ज मी दोनदा दिला, कुणी ढुंकून बघितलं नाही. प्रात्यक्षिक परीक्षा तोंडावर आली होती, सगळ्यांचे जॉब, म्हणजे करून दाखवायच्या वस्तू, अर्धवट, आणि दाबून दाबून सगळ्यांची बोटं भरून आलेली. मी तार घेतली, दोन वेढे दिले, पीळ मारला आणि म्हटलं, घ्या, करा काम. सगळ्या वर्गानं टाळ्या वाजवल्या होत्या. त्याच वर्गाच्या भिंतीवर माझ्या अक्षरात सुरक्षेचे नियम लावलेले होते. आमच्या तुकडीतला प्रत्येक जण पास झाला आणि मी ती तार विसरून गेले.

"तू आधी खिशातला हात काढ," मी म्हटलं. का म्हटलं ते मला ठाऊक नाही. कदाचित ओरडायला दुसरं काही सुचत नव्हतं.

त्यानं हात काढला. तर्जनी मुळापासून नव्हती, मधल्या बोटाचं अर्धं पेर नव्हतं.

"कधी?"

"झाली बरीच वर्सं. शेड नवी होती. नळी कापताना चाक अडकलं, ग्राइंडर हातातनं उडाला. बांधलेला व्हता ना, बंद पडला नाय. धरायला गेलो." मग लगेच म्हणाला, "तुमचा काय दोष, मॅडम? माजंच ध्यान नव्हतं."

"म्हणून तू गुरुपौर्णिमेला येत नव्हतास?"

"तुमाला वाईट वाटलं असतं."

"आणि बोट गेल्यावरसुद्धा यांना हीच गाठ शिकवलीस?"

तो गोंधळून माझ्याकडं बघायला लागला. "तुमी शिकवलेली व्हती. चुकीची कशी म्हनायची?"

मी त्याच्यावर इतकी चिडले की काही न घेताच रिक्षा पकडून घरी आले. बोट गेलं याचं त्याला काहीच नव्हतं आणि माझा शब्द राहिला याचं कौतुक होतं. याला भक्ती म्हणतात? मूर्खपणा म्हणतात याला.

पुढचे चार दिवस मी घरात कुणाला सोडलं नाही. कामवाल्या बाईवर ओरडले, फॅब्रिकेशनवाल्याच्या दारात जाऊन त्या तिरक्या नळ्या आपटल्या, नवऱ्याला सांगितलं की तुझा गुडघा तुलाच लखलाभ. आयटीआयवर, त्या अर्जावर बसलेल्या साहेबांवर, परीक्षेवर, सगळ्यांवर तोंड सोडलं. पाचव्या दिवशी चहा पिताना नवरा शांतपणे म्हणाला, "अगं, स्विच दुरुस्त झाला नाही ही त्यांची चूक. तार कुणी बांधली?" इतकी वर्षं तो ओझरला नोकरीला गेला आणि आला, हत्यार कधी हातात धरलं नाही. आणि एवढं त्याला कळलं होतं. मी त्याच्यावरही चिडले, पण त्या चिडण्यात दम नव्हता.

संध्याकाळी विद्यार्थ्याला फोन केला. म्हटलं, सगळ्या गाठी सोड आणि माणसांना सांग की मॅडम चुकल्या होत्या.

"गाठी सोडतो, मॅडम. पन ते दुसरं नाय सांगनार."

"सांग म्हणते ना!"

"तुमी मला मारा, पन माज्या तोंडानं तुमचं वाईट नाय बोलनार. आनि माज्याकडलं काम सोडून किती जन गेले, मॅडम. कुनी सुरगाण्याला शेड टाकली, कुनी हरसूलच्या बाजाराला दुकान काढलं. सगळीकडं हीच गाठ चालते. मी कुनाकुनाला सांगू?"

वर्षानुवर्षं मी काटकोन शिकवला, माप शिकवलं, फाइल सरळ कशी धरायची ते शिकवलं. त्यातलं कुणाच्या हातात काय उरलं ते देव जाणे. आणि जे दोन मिनिटांत, घाईनं, चुकून शिकवलं ते माझ्या नावासकट जीपमध्ये बसून डोंगरापर्यंत गेलं. एवढी संतापलेली मी आयुष्यात कधी नव्हते, आणि या वेळी तोंड सोडायला समोर कुणी नव्हतं.

सोमवारी सकाळी मी त्याच्या दुकानात पुन्हा गेले. उशी असलेल्या खुर्चीत बसले नाही. सरळ मागं शेडमध्ये गेले आणि म्हटलं, सगळ्यांना बोलाव, आणि मला पक्कड दे. बँडसॉच्या मुठीवरची तार मी स्वतः कापली. मग ग्राइंडरच्या. गाठी सोडतो म्हणाला होता, पण मॅडमची गाठ तोडायला त्याचा हात धजावला नव्हता. तारेचे तुकडे टेबलावर टाकले. मग बँडसॉ टेबलावरून उतरवून दोन्ही हातांत घेतला. जड होता, पण खांद्यानं कुरकुर केली नाही. व्हाइसमध्ये एक नळी धरायला सांगितली, पातं तिच्यावर टेकवलं आणि ट्रिगर दाबला.

वरून जोर द्यायची सवय होती मला, हॅकसॉची. मन आवरून यंत्राला आपल्या वजनानं उतरू दिलं. पातं निम्म्यापर्यंत आलं आणि बोट दुखायला लागलं. चांगलंच दुखायला लागलं. मी मुद्दाम ट्रिगर सोडला. पातं जागच्या जागी थांबलं.

"बघितलं?" मी म्हटलं. "बोट दुखलं की माणूस सोडतो, आणि सोडलं की हे थांबतं. त्यासाठीच ते दुखतं. ही गाठ मी बांधली होती. ती चूक होती. माझं नाव घेऊन सांगा सगळीकडं, तुमच्यातून जे गेलेत त्यांना फोन करून सांगा. मॅडम चुकल्या."

एकानं हळूच मालकाकडं बघितलं, की हे ऐकायचं का. माझा विद्यार्थी खाली मान घालून उभा होता. मला वाटलं, हा आता पुन्हा म्हणेल, तुमचा काय दोष, मॅडम. तो म्हणाला असता तर मी पक्कड फेकून मारली असती.

तो पुढं आला, खिशातून डावा हात काढला आणि तारेच्या तुकड्यांशेजारी, सगळ्यांना दिसेल असा, टेबलावर ठेवला.

मी पुन्हा ट्रिगर दाबला आणि उरलेली नळी कापली.